पास काढून पाहिलेला समुद्र

गेल्या महिन्यात आमच्या भाचेसुनेनं माझ्या नाकासमोर मोबाइल धरला. "मावशी, बघा ना किती शांत. कुणालाच माहीत नसलेला बीच." त्याच्याखाली शेकडो लोकांनी लाल बदाम डकवलेले, तरी म्हणे कुणालाच माहीत नाही. पोर गोड आहे, पण मोबाइलवर दिसेल ते तिला खरं वाटतं. मी चष्मा पुसून पाहिलं. सुरूच्या झाडांची रांग, चुन्यानं पांढरे केलेले दगड आणि उजव्या हाताला पाण्यात शिरलेला काळा खडक. मला लगेच ओळख पटली. आता तिथं ठरावीक दिवशी पास काढून बाहेरच्या लोकांनाही सोडतात म्हणे. चाळीस वर्षांपूर्वी आम्हीही पास काढूनच गेलो होतो. त्या तळाचं नाव मी लिहिणार नाही, मिल्ट्रीचा मामला आहे. आणि ज्यांना शांततेची एवढी हौस आहे त्यांनी आमच्या अवसरीच्या रानात उन्हाळ्यात दुपारी दोनला येऊन बसावं. कुत्रंसुद्धा विचारत नाही, आणि पासही लागत नाही.

तेव्हा आमचं घर म्हणजे चार खण, पुढं ओटा, मागं गोठा. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज आणि त्याबरोबर आईच्या बांगड्या, दिवसभर विहिरीवरच्या मोटारीची घरघर. लाइट गेली की मोटार थांबायची आणि सगळा मळा एकदम मुका व्हायचा. मग आप्पा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावर येऊन टोपी काढून डोकं खाजवत बसायचे. आप्पा फार कमी बोलायचे. बटाट्याची अराण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावायची असो की गाईला बघायचं असो, आजूबाजूचे लोक त्यांना बोलवायला यायचे. ते जायचे, काम करायचे आणि चहा न घेता परत यायचे. आई उलट अखंड बोलायची. मी आईवर गेले आहे, हे मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं, आणि कौतुकानं एकानंही नाही.

माझी थोरली बहीण शालन, आमची अक्का, तळावर राहायची. तिचे यजमान मिल्ट्रीत. दाजी तिथल्या कोठारात होते. चादरी, बूट, मच्छरदाण्या जवानांना द्यायच्या आणि परत घ्यायच्या. काम काही वाईट नव्हे, कुणीतरी करायलाच हवं. पण दाजी रजेवर आले की असे बोलायचे की देशाची सरहद्द ह्यांच्याच उशाखाली आहे. गावातली माणसं ओट्यावर उकिडवी बसून ऐकायची. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्यांच्यासाठी आई मासवड्या करायची. बेसन शिजवायचं, कापडावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं, वर झणझणीत रस्सा. निम्मा दिवस त्यात जायचा. दाजी दोन वड्या चिवडायचे आणि म्हणायचे, "आमच्या मेसमध्ये एवढं तिखट चालत नाही." मेसमध्ये चालत नाही म्हणे. ह्यांचं स्वतःचं गाव ओतूरच्या पलीकडं, तिथं ह्यांची आई मिरची ठेचून भाकरीवर देत होती तेव्हा कुठली मेस होती?

मी त्या वर्षी मंचरहून बारावी झाले होते, आणि चांगली झाले होते. जुन्नरच्या अध्यापक विद्यालयात डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं. आमच्या भावकीत मुलीचं नाव लग्नपत्रिकेखेरीज कुठल्या यादीत लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सोमवारी सकाळी दहाला सगळी मूळ कागदपत्रं घेऊन जातीनं हजर व्हायचं. नाही झालं तर जागा खालच्या नंबरच्या मुलीला. आप्पांनी शब्द दिला होता, "तुजं नाव घालू, मंग बाकीचं बघू." माझ्यासाठी तो शब्द म्हणजे सगळं होतं. मास्तरीण व्हायचं, पगारी व्हायचं, कुणाच्या ताटाकडं बघून जेवायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि त्याच आठवड्यात अक्काचं पत्र आलं. 'आप्पा, वर्ष होत आलं, बाळाला तुम्ही पाहिलं नाही. सुमीला घेऊन या. शनिवारी समुद्र दाखवते, रविवारी परत जा.' आई गुरांपायी निघू शकत नव्हती. तिनं मासवड्या बांधून दिल्या, भाकऱ्या दिल्या, बटाट्याची अर्धी गोणी दिली. मी कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून निघाले, न जाणो परतायला उशीर झाला तर परस्पर जुन्नर गाठता यावं म्हणून. आई म्हणाली, "समुद्र बघाया चाललीस का कोर्टात?"

तळाच्या दारात आमचं गाठोडं उघडून पाहिलं. बटाट्याच्या गोणीत पहारेकऱ्यानं काठी खुपसून पाहिली. आप्पांनी वहीत सही केली, वळणदार, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाची. दाजी आम्हाला घ्यायला आले ते इस्त्रीच्या कपड्यात. आप्पांनी वाकून नमस्कार केला, जावयाला करतात तसा, तर दाजी इकडं-तिकडं बघत म्हणाले, "इथं तसं करत नाहीत." मग इथं कसं करतात ते काही त्यांनी दाखवलं नाही.

अक्काची क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पिवळा रंग, आणि प्रत्येक वस्तूवर सरकारी नंबर. खाटेवर नंबर, टेबलावर नंबर, बादलीवर नंबर. अक्कावर तेवढा घालायचा राहिला होता. ती आम्हाला बघून रडली आणि लगेच डोळे पुसून म्हणाली, "आप्पा, इथं व्हतं-न्हाई करू नका हं. होतं, नाही म्हणायचं. आणि सुमे, मला चारचौघांत अक्का म्हणू नको. ताई म्हण." तिनं मासवड्यांचा डबा फडक्यात गुंडाळून खाटेखाली सरकवला, वास बाहेर जाऊ नये म्हणून. आप्पांना काट्या-चमच्यानं पोहे दिले. आप्पांनी काटा उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला आणि पोहे हातानं खाल्ले. मला अक्काचा असा राग आला म्हणता. ही तीच बाई, जी चार वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या बैलगाडीमागं लोंबकळत शाळेत यायची.

मग स्वयंपाकघरात तिनं मला खरं काय ते सांगितलं. समुद्र हे निमित्त होतं. दाजींच्या वरच्या साहेबांचा धाकटा भाऊ मला बघायला येणार होता. तोही मिल्ट्रीतच. साहेबांच्या मॅडम संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला येतात, तिथंच बघण्याचा कार्यक्रम. पसंती झाली तर रविवारीच सुपारी फोडायची. म्हणजे टिळा, साखरपुडा, याद्या, सगळं त्या पाठोपाठ आलंच.

"आन सोमवारचं माझं काय?" मी विचारलं.

अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यांची बदली निघालीया. लांब. तिथं बायकापोरं न्हेता येत न्हाईत. मला बाळाला घेऊन सासूकडं जावं लागंल. साहेबाच्या हातात हाय म्हणत्यात हे. सोयरीक झाली तर थांबंल."

अक्काची सासू काय चीज होती हे मला ठाऊक होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष अक्का तिथं होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिला वाढायचं, आणि तोवर पातेल्यात काही उरलेलं नसायचं. गरोदरपणात ती माहेरी आली तेव्हा आईनं तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून बघितल्या आणि पदर तोंडात धरला. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "मग तुझ्या क्वार्टरपायी मी जाऊ का चुलीत?" अक्का खडे बाजूला काढत राहिली.

दाजींनी आप्पांना बाहेरच्या खोलीत सांगितलं. मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, आप्पा आता म्हणतील, मी पोरीला शब्द दिलाय. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "पावणं, तुमी म्हनाल तसं." बास. शब्द, यादी, जुन्नर, सगळं त्या चार शब्दांत वाहून गेलं. जावयापुढं सासरा म्हणजे आधीच अर्धा वाकलेला, आणि आप्पा तर मुळातच सरळ उभे राहणाऱ्यातले नव्हते.

चार वाजता निघालो. दुसरा पहारा, दुसरी वही, मग सुरूची झाडं आणि मग एकदम तो समुद्र. खोटं कशाला बोलू, माझे पाय दोन घटका थांबले. इतकं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. किनारा लहानसा, कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा, आणि वाळूवर माणसाचं पाऊल नाही. ना भेळवाला, ना फुगेवाला, ना पोरांचा कालवा. आप्पा बघत राहिले आणि म्हणाले, "येवढं पाणी, आन येका मेथीच्या वाफ्याच्या कामाचं न्हाई." समुद्रावर मी नंतर पुष्कळ लोकांचं पुष्कळ काही ऐकलं, ह्याच्याइतकं मुद्द्याचं कुणी बोललं नाही.

शांतता होती, पण ती कशामुळं होती ते पाच मिनिटांत कळलं. एक मोठा फलक, त्यावर काय करू नये याची यादी. पांढऱ्या दगडांची ओळ वाळूतून थेट पाण्यापर्यंत गेलेली. दगडांच्या पलीकडं वेताच्या खुर्च्या, छत्र्या. ती बाजू मोठ्या साहेबांच्या घरच्यांची. अलीकडं एक सिमेंटचा बाक आणि एक नळ. ती बाजू दाजींसारख्यांची. लाट मात्र दोन्हीकडं सारखी येत होती, तिला कुणी सांगितलं नसावं. माणसं हाकलून लावल्यावर शांतता कुठंही होते. भाचेसुनेच्या मोबाइलमध्ये ते दगड फार सुंदर दिसतात.

अक्काचा बाळ तेव्हा वर्षाचा होता. ऊन, खारा वारा आणि बाटलीतलं पाणी वाटेतच संपलेलं. तो किरकिरायला लागला. अक्कानं नळ सोडला तर नळाला पाणी नाही. ती म्हणाली, "मी पटकन क्वार्टरवर जाऊन येते." दाजींनी घड्याळ बघितलं. "मॅडम कधीही येतील. आपण इथं नसलो तर काय म्हणतील? थोडा वेळ रडला तर मरत नाही." स्वतःचं पोर तहानेनं ओठ चाटतंय आणि ह्यांना मॅडम काय म्हणतील याची चिंता. आप्पांनी बाळाकडं पाहिलं. मग टोपी काढली, सदरा काढला, दोन्हीची घडी करून बाकावर ठेवली आणि सुरूच्या झाडांकडं चालू लागले. दाजींना वाटलं, लघवीला चाललेत.

आमच्याकडं तेव्हा उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत झिरा काढायचे. ओल कुठं आहे ते तळव्यानं चाचपून बघायचं, हातभर-दीड हात वाळू उकरायची, कडा ओल्या हातानं थापून बसवायच्या. खाली पाणी पाझरायला लागतं ते आधी गढूळ असतं. ते उपसून टाकायचं, आणि मग थांबायचं. घाई केली की कडा ढासळतात. बायका घागर बाजूला ठेवून तासतासभर झिऱ्यापाशी गप्पा मारत बसायच्या, आणि वाटीनं वाटीनं घागर भरायच्या. आप्पा त्यात वाकबगार होते. पण हा ओढा नव्हता, मिल्ट्रीचा किनारा होता, आणि जिथं वाळू दिसेल तिथं झिरा काढायला जाणारा माणूस जगाच्या पाठीवर आमच्याच तालुक्यात सापडायचा.

तेवढ्यात मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या होत्या, बोलायला गोड. बरोबर तो नवरदेव. कमरेला चकचकीत पट्टा आणि तोंडाला कुलूप. त्या बिचाऱ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्यानं सगळा वेळ आपल्या बुटांकडं पाहिलं. मॅडमनी मला नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं, चुलीवर येते का विचारलं, आणि मग म्हणाल्या, "त्या खडकापर्यंत जाऊन ये बरं जरा." म्हणजे मी लंगडी आहे का ते बघायचं होतं. मऊ वाळूत. तिथं घोडासुद्धा लंगडा दिसला असता. मी गेले, घोट्याएवढ्या वाळूत फतक फतक करत, आणि परत आले. मॅडम म्हणाल्या, "उंच आहे. बरी आहे. बारावी पुष्कळ झाली, आपल्याला काय नोकरी करायची नाही."

मी म्हणाले, "माझं सोमवारी जुन्नरला नाव घालायचंय. डी.एड.ला."

दाजी हसले. "ते काय, होईल पुढंमागं."

"तुझे वडील कुठं आहेत?" मॅडमनी अक्काला विचारलं.

दाजींनीच उत्तर दिलं. "सासरे आमचे मोठे बागायतदार. जरा फेरी मारायला गेलेत, येतीलच." बाळ आता टाहो फोडून रडत होता. अक्का त्याला खांद्यावर घेऊन हलवत होती आणि तिचे डोळे सारखे झाडांकडं जात होते.

आणि झाडांकडून शिट्टी वाजली. कर्कश्श, एकामागं एक. पहारेकरी ओरडत होता. दाजी धावले, मॅडम मागून, नवरदेव त्यांच्या मागून, आणि आम्ही दोघी. सुरूच्या मुळाशी, वाळूचा चढ संपतो तिथं, आप्पा गुडघ्यावर बसले होते. फाटकं बनियन, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, कोपरापर्यंत हात वाळूनं माखलेले. समोर सुबक गोल झिरा, कडा थापून बसवलेल्या, आणि तळाशी वीतभर नितळ पाणी. शेजारी कुठूनशी शोधून आणलेली नारळाची करवंटी. आप्पांनी आमच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर आनंद होता. "ग्वाड हाय," ते म्हणाले. "चाखून बघितलं."

पहारेकरी हिंदीत विचारत होता, हा कोण आहे, इथं खणायला मनाई आहे, कुणाच्या परवानगीनं आत आला. मॅडमनी नाक जरासं आक्रसलं. "कोण हो हा?"

दाजींना अर्धा क्षण लागला, जास्त नाही. "आमचा गडी आहे. सामान घेऊन आलाय गावाकडनं." आणि मग आप्पांकडं वळून, मोठ्यानं, हिंदीत, "ए बाबा, ये क्या लगा रखा है? चलो, भरो गड्ढा."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "व्हय साहेब," म्हणाले. "चुकलं." आणि दोन्ही हातांनी कडेची वाळू आत लोटायला लागले.

हा किस्सा मी पुढं चाळीस वर्षं सांगितला. लग्नात, बारशात, शिक्षकांच्या सहलीत. ऐकणारे चुकचुकतात, दाजींना शिव्या घालतात, मी त्यात तेल ओतते. फक्त एक वाक्य मी नेहमी गाळते, ते इथं लिहिते. मी तिथं दोन हातांवर उभी होते आणि मी काहीच बोलले नाही. मॅडम, नवरदेव, तो पहारेकरी, सगळे बघत होते, आणि त्या बनियनातल्या माणसाला बाप म्हणायची मला लाज वाटली. माझी जीभ, जी आजतागायत कुणापुढं थांबलेली नाही, ती नेमकी तिथं थांबली.

बोलली ती अक्का. ती पुढं झाली आणि नवीन नायलॉनच्या साडीनिशी वाळूत फतकल मारून बसली. आप्पांचा हात धरला. "आप्पा, ऱ्हाऊ द्या." करवंटीनं पाणी काढून आधी बाळाच्या ओठाला लावलं. बाळ घटाघटा प्यायला. मग तिनं स्वतः ओंजळीनं प्यायलं, दोनदा, आणि पदरानं तोंड पुसलं. मग मॅडमकडं बघून म्हणाली, "ह्यो गडी न्हाई, मॅडम. ह्यो माझा बाप हाय."

तिनंच आम्हाला शिकवलं होतं, न्हाई म्हणायचं नाही म्हणून.

मॅडम हसल्या, फार गोड, आणि म्हणाल्या, "असं होय. बरं, आम्ही निघतो." नवरदेवानं पहिल्यांदाच मान वर करून आप्पांना नमस्कार केला, तेवढं त्याचं मी लक्षात ठेवलं आहे. सोयरीक तिथंच वाळूत राहिली. परत येताना दाजी आमच्या दहा पावलं पुढं चालत होते. क्वार्टरवर आल्यावर अक्कानं खाटेखालचा डबा बाहेर काढला, दार सताड उघडं ठेवून आप्पांना मासवडी-भाकरी वाढली आणि आमचं गाठोडं बांधायला घेतलं. "आजच निघा. उद्या गाडीचा भरवसा न्हाई. सुमीचं सोमवारी जुन्नरला नाव जायाचंय." दाजी बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "आता तुझं तू बघ." अक्का म्हणाली, "बघंल की."

मी तिला मिठी मारली का? नाही. रडले का? नाही. मी कागदपत्रांची पिशवी तपासली, गुणपत्रक आहे ना, शाळा सोडल्याचा दाखला आहे ना. परतीच्या एसटीत आप्पा एवढंच म्हणाले, "शालनचं आता कसं हुईल गं?" मी म्हणाले, "हुईल काहीतरी." सोमवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना मी जुन्नरच्या विद्यालयाच्या ओट्यावर उभी होते आणि माझं नाव घातलं गेलं. त्या नावावर मी पुढं तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली, घर बांधलं, आणि जगाला अक्कल शिकवली.

दोन महिन्यांत दाजींची बदली झाली. ती तशीही झालीच असती असं मी म्हणते; म्हणायला सोपं आहे. अक्का बाळाला घेऊन सासूकडं गेली, ओतूरच्या पलीकडं, आणि तीन वर्षं तिथं राहिली. त्या तीन वर्षांबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. जुन्नरहून तिच्या गावाला जायला दोन एसट्या बदलायच्या, फार तर दीड तास. मी दोन वर्षं जुन्नरला होते. एकदाही गेले नाही. अभ्यास होता, पाठ घ्यायचे होते, वसतिगृहाच्या बाई रजा देत नव्हत्या. कारणांना काय, ती आमच्या विहिरीइतकी कधी आटली नाहीत.

मोबाइलवरचा तो किनारा पाहिला त्या दिवशी भाच्याकडं सगळे जमलो होतो. तो भाचा म्हणजेच तो बाळ. आता टक्कल पडलंय. दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. विषय निघाला म्हणून मी किस्सा सांगितला, नेहमीसारखा, दाजींच्या आवाजाची नक्कल करून, "ए बाबा, भरो गड्ढा." सगळे हसले, मग चुकचुकले. भाचेसून म्हणाली, "बाई गं, आमचे सासरे असे होते?" अक्का कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. ती हसली नाही.

सगळे जेवायला उठल्यावर ती मला म्हणाली, "सुमे, ह्यांचं तेवढं आता बास कर."

"का? खोटं हाय का?"

"खोटं न्हाई. पर ह्यांनी पुढच्या रजेत अवसरीला जाऊन आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं व्हतं. गोठ्यात, कुणी नसताना. लई रडले म्हनं. आप्पांनी मला मरायच्या आधी सांगितलं." ती शेंगा सोलतच होती. "तुला येक इचारू? तू जुन्नरला व्हतीस तवा, येका रविवारी, बाजारच्या दिवशी, मी इष्टीतनं उतरले. डोईवर गाठोडं, कडंवर बाळ. समोरनं तू आलीस, संगं चार पोरी. तू मला बघितलंस आन बोळात वळलीस."

मला ते आठवत होतं. ती फाटक्या लुगड्यात होती, पाय अनवाणी, आणि माझ्याबरोबरच्या मुली शहरातल्या होत्या. पाय आपोआप वळले वगैरे मी लिहिणार नाही. मी वळले. तिनं पाहिलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"मग हाक का नाही मारलीस?"

"पोरी व्हत्या ना तुज्यासंगं," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं, मला भांडता येतं.

"बाजाराला आली होतीस?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"बाजार आमाला ओतूरचाच जवळ, सुमे," ती म्हणाली. "मी तुलाच भेटाया आले व्हते."